आंघोळीचा मंगळवार

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सुरुवातीला फुलं आली. मग फळं आली. मग माणसं यायची थांबली आणि दर रविवारी संध्याकाळी चर्चच्या उपासनेत त्यांचं नाव घेऊन प्रार्थना होऊ लागली. ती अजून होते. प्रार्थनेला माझी हरकत नाही, पण प्रार्थनेने चादर बदलत नाही. ती मलाच बदलावी लागते.

चादरींतलं मला कळतं. मी एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला आहे, हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी आमच्याकडे येतात. माझं काम इस्त्रीच्या रोलरवर. एका बाजूने ओलसर चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती गरम आणि सपाट होऊन आली की समोरच्या बाईबरोबर टोकाला टोक जुळवून घडी घालायची. सकाळभर लोकांच्या चादरी, दुपारी घरी आले की सासूची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. धाकटी बहीण दुसऱ्या गावात असते आणि फोनवर म्हणते, "ताई, सोड सगळं आणि ये इकडे." सासूबाईंना माझ्याखेरीज कोणी नाही. लोक याला नातं म्हणतात. मला ते दोघींना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं.

झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. सगळी गेली असती तर बरं झालं असतं, पण एक शब्द मागे राहिला. "मेले." पाणी हवं, "मेले." पाठ दुखली, "मेले." खिडकी उघड, खिडकी लाव, दोन्हीला "मेले." ज्या बाईने अख्खी हयात रविवारच्या शाळेत मुलांना वचनं पाठ करवली, हातात पट्टी धरून देवाचं प्रेम शिकवलं, तिच्यापाशी देवाने नेमका हाच शब्द शिल्लक ठेवावा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात. असतील. पण तो शब्द दिवसभर झेलणारी मी एकटीच होते.

पलंगाला कठडा नव्हता. चांगल्या पायाने ढकलत ढकलत त्या काठाला यायच्या आणि घसरायच्या. म्हणून मी एक जाड चादर दुहेरी करून त्यांच्या कमरेवरून आडवी टाकायचे आणि दोन्हीकडून गादीखाली अशी ताणून खोचायचे की खालचं अंग हलू नये. मी खोचलेली चादर कोणाच्या बापाला सुटत नाही. सकाळच्या पाळीला मी त्या चादरीच्या भरवशावर जायचे. मधल्या वेळात खालची शेजारीण एकदा डोकावून यायची, तेवढंच.

त्यांना कुठे ठेवावं म्हणाल, तर आमच्या चर्चच्या मंडळीचा स्वतःचा वृद्धाश्रम आहे. मी जाऊन विचारलं. अंथरुणावरचं माणूस घेत नाहीत म्हणाले. त्यांना चालतंफिरतं म्हातारपण हवं.

त्यात आमच्या पाळकसाहेबांनी भर घातली. एका रविवारी प्रवचनात त्यांनी माझा उल्लेख केला. ख्रिस्ताची प्रीती पुस्तकात शोधू नका, म्हणाले, आपल्यामध्येच एक भगिनी आहे, तिच्या घरी जाऊन पाहा. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पाहायला घरी मात्र कोणी आलं नाही. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शिडी घेऊन सगळे आपापल्या घरी गेले. जिला देवाने एवढी कृपा दिली आहे तिला आपण मदत विचारणं म्हणजे तिचा अपमान, असं भगिनी मंडळात ठरलं म्हणे. उलट अध्यक्षबाईंनी लग्न ठरलेली एक मुलगी माझ्याकडे धाडली, सासूशी कसं वागावं ते शिकायला. मी तिला सासूबाईंचा पाय धरायला सांगितला. ती आत्ता येते म्हणून गेली, ती अजून यायची आहे.

त्या शुक्रवारी लॉन्ड्रीत वाफेची नळी फुटली. ओल्या चादरींचे ढीग लागले आणि सुपरवायझरने कोणालाच वेळेवर सोडलं नाही. घरी पोचले तर पलंग भिजलेला, सासूबाई भिजलेल्या, वास जिन्यापर्यंत. मी सगळं बदललं, त्यांना पुसलं, उशीला टेकवून बसवलं आणि दुधात पाव कुस्करून आणला. पहिला घास त्यांनी थुंकला. दुसरा माझ्या तोंडावर आला. "मेले," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पुसायला नव्हे, बंद करायला. दुधाने चिकट झालेला माझा तळवा त्यांच्या ओठांवर होता, नाकावर होता, आणि मी दाबत होते. त्यांचा चांगला हात माझ्या मनगटावर आला. त्यात जोर नव्हता. त्यांनी ओढलं नाही, हात नुसता ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ गेला मला माहीत नाही. मला राग आलेला नव्हता, हे सगळ्यांत वाईट. माझ्या मनात एवढंच आलं की आता जरा शांत होईल.

मग मी काय करतेय ते माझं मलाच कळलं आणि मी हात काढला. त्यांनी श्वास घेतला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि मला परत ऐकायचा नाही. गालावर माझी बोटं उमटली होती. मी खाली बसले, पलंगाच्या पायाला पाठ टेकून. वरून थोड्या वेळाने आवाज आला, "मेले." या वेळी मला तो शब्द कमी पडला असं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी एका पिशवीत चार कपडे भरले आणि पिशवी पलंगाखाली सारली. पळून जायला नाही, असं स्वतःला बजावलं. नुसती भरलेली असू दे.

रविवारी उपासनेत साक्ष देण्याची वेळ असते. ज्याच्या आयुष्यात देवाने काही केलं असेल त्याने पुढे येऊन सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. बहुतेक वेळा कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचा मुतखडा ऑपरेशनशिवाय पडलेला असतो. त्या दिवशी पाळकसाहेबांनी स्वतःच माझं नाव घेतलं. "रोजच्या जगण्यात प्रेम कसं करावं, हे आपल्याला आपल्या या ताई सांगतील."

मी पुढे गेले. बाकांवरून सगळे हसतमुखाने बघत होते. त्यांतल्या निम्म्यांनी सासूबाईंच्या पट्टीखाली वचनं घोकली होती.

"शुक्रवारी मी सासूबाईंचं तोंड दाबलं," मी म्हणाले. "नाकासकट. त्यांचा श्वास कोंडला तरी मी हात काढला नाही. मग काढला."

कोणाच्या तरी हातातून गाण्याचं पुस्तक पडलं.

"मला साक्ष द्यायची नाही. मला माणूस हवंय. मंगळवारी मला सुट्टी असते, त्या दिवशी त्यांना आंघोळ घालायची असते. कोणीतरी या. एक जण आलं तरी चालेल. मी एकटी असले तर काय करीन, ते मला आता सांगता येत नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते वाईट माणूस नाहीत, पण पुढे काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसलं की त्यांना गाणं सुचतं. त्यांनी पेटीबाईंना खूण केली.

पेटीबाई म्हणजे आमची पायपेटी वाजवणारी बाई. सासूबाईंच्याच वयाची, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ. त्यांचं आणि सासूबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पेटीबाई प्रत्येक गाणं इतकं संथ वाजवायच्या की दोन ओळींच्या मध्ये माणसाला डुलकी लागावी. सासूबाई पहिल्या बाकावर बसून खड्या आवाजात पेटीच्या पुढे पळायच्या आणि कडवं आधी संपवून घड्याळाकडे बघायच्या. यावरून एकदा भर उपासनेत बाचाबाची झाली, आणि त्यानंतर दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. झटका आल्यावर फुलं आली, त्यांत पेटीबाईंची नव्हती.

पाळकसाहेबांनी पुन्हा खूण केली. पेटीबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून एक लांबलचक प्रार्थना केली आणि सगळे घरी जायला मोकळे झाले.

बाहेर अंगणात अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतलं. "असं सगळ्यांसमोर बोलायचं नसतं गं. आधी मला सांगायचंस."

"तुम्हाला मी किती वेळा सांगितलं."

"मग मी प्रार्थना केली ना."

मंगळवारी पाळकसाहेबांची बैठक होती. मंगळवारी अध्यक्षबाईंची नात येणार होती. एकीच्या कमरेत चमक होती आणि एकीला आजाऱ्याचा वास सहन होत नव्हता. सगळ्यांनी माझा हात हातात घेऊन, तो जरा लवकरच सोडून, सांगितलं की आम्ही तुला आठवणीत ठेवू. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्यांच्या जागी मी असते तर मलाही मंगळवारी काहीतरी निघालं असतं.

मंगळवारी सकाळी मी पाणी तापवायला ठेवलंच नाही. खुर्ची पलंगापासून लांब ओढून बसले. जवळ जायची मला भीती वाटत होती. सासूबाईंच्या गालावरच्या खुणा पिवळ्या पडल्या होत्या. त्या "मेले" म्हणत होत्या, मग थांबत होत्या, मग परत म्हणत होत्या, आणि मी हात मांड्यांखाली दाबून बसले होते. अंगावर उन्हं आली, गेली. मी देवाला म्हटलं, मला प्रेमबिम नको, तेवढी माझी लायकी नाही. फक्त हिला माझ्यापासून सांभाळ.

दुपारी दार वाजलं. दारात पेटीबाई होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरलेला, दम लागलेला. एक गुडघा काठीसारखा सरळ. जिना त्यांनी एकाच पायाने चढला असणार. पेटीचा भाताही त्या एकाच पायाने मारत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"कोणी आलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच. आधीच सांगते, मागून घोळ नको. मला तुझी सासू आवडत नाही. तूही काही फार आवडत नाहीस, समोर बसून जांभया देतेस. पाणी तापलंय का?"

"नाही."

"मग ठेव."

त्या पलंगाजवळ गेल्या. सासूबाईंनी त्यांना पाहिलं, ओळखलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाल्या, "मेले."

"हो," पेटीबाई म्हणाल्या. "मी पण तुला इतकी वर्षं हेच म्हणत आले. मनातल्या मनात."

आम्ही दोघींनी मिळून आंघोळ घातली. म्हणजे मी उचललं, वळवलं, आणि त्यांनी बसून पुसलं. त्यांना काही जमत नव्हतं. साबण डोळ्यात घातला, पाणी गादीवर सांडलं. गालापाशी आल्या तेव्हा ओल्या फडक्याने त्या पिवळ्या खुणांभोवतीने हळूच पुसलं. मला काही विचारलं नाही. मी कोरडी चादर घातली, वरून दुहेरी चादर ताणून खोचली.

"आता तू जा," त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊन हवा खा. दिवेलागणीपर्यंत मी बसते."

मी पलंगाखालून पिशवी ओढली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"बाजार?"

"हो," मी म्हणाले.

बसस्थानकापर्यंत मी जवळजवळ धावत गेले. धाकटीच्या गावाची बस उभीच होती. खिडकीची जागा मिळाली. बस सुटली, आमची गल्ली मागे गेली, लॉन्ड्रीची चिमणी मागे गेली, आणि मला इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. सासूबाईंना सांभाळायला आता मंडळीचं माणूस होतं. ते बसलं होतं तिथेच. ते आता उठणार नव्हतं, कारण उठायचं तर त्याला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागलं असतं, आणि कोणी आलं नसतं. जे मी सोसलं ते दुसऱ्या कोणीतरी सोसावं. हा विचार मी पूर्ण केला आणि मला लाज वाटली नाही. मी उशीला टेकावं तसं डोकं काचेला टेकवलं.

मग चादर आठवली. ती सोडू नका, हे मी पेटीबाईंना सांगितलंच नव्हतं. बघणाऱ्याला ती बांधल्यासारखी दिसते. कोणीही दयाळू माणूस ती सैल करणार.

मी म्हटलं, आता ते माझं काम नाही. मग खालच्या शेजारणीला फोन लावला. ती लेकीकडे गेली होती. पेटीबाईंकडे फोनच नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि बस पुढे पुढे जात राहिली. प्रत्येक थांब्याला मी स्वतःला सांगत होते, बसून राहा. त्या पडल्या तर पडल्या. सुंठीवाचून खोकला जाईल. हे सगळं मी मनात म्हटलं, आणि म्हणता म्हणता उठून दारापाशी जाऊन उभी राहिले.

मी प्रेमाने उतरले असं कोणी समजू नये. परतीची बस लवकर मिळाली नाही. मी रस्त्याच्या कडेने चालत होते आणि रडत होते, देवाला नको नको ते बोलत होते. तू मला एक दिवस देऊ शकत नाहीस, म्हणत होते. मला जिथून सुटायचं होतं तिथेच मी आपल्या पायांनी निघाले होते, आणि पुढे तेच होतं, तोच पलंग, तोच शब्द, तेच माझे हात. एका टेम्पोवाल्याने मला अर्ध्या रस्त्यापर्यंत आणलं.

घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. खोलीत दिवा नव्हता. मी दारातच उभी राहून हाक मारली, "आई?" बटण दाबलं. पलंग रिकामा होता, चादर एका बाजूने लोंबत होती.

पलंगापलीकडे, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या अरुंद जागेत, फरशीवर त्या दोघी होत्या. सासूबाई उताण्या, डोकं पेटीबाईंच्या दंडावर. पेटीबाई त्यांच्या कडेला आडव्या, अंगातला स्वेटर काढून सासूबाईंवर घातलेला, आखडलेला पाय भिंतीला अडकलेला. सासूबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी ते माझ्याकडे वळवले.

"दिवा डोळ्यात येतोय," पेटीबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"ती चादर फार घट्ट होती गं. मला बघवेना, सैल केली. ही घसरली. लागलं नाहीय तिला, मी खाली हात घातला होता. उचलून पाहिलं, उचलवेना. हाका मारल्या. कोणी नाही. मग म्हटलं, ही एकटी कशाला पडेल फरशीवर. मीच खाली आले."

"कधी?"

"तू गेलीस त्यानंतर थोड्याच वेळाने."

म्हणजे मी खिडकीशी बसून हसले तेव्हा. मी तिथेच दाराशी खाली बसले. "मी परत येणार नव्हते, बाई."

"पिशवी पाहिली होती मी."

"मग जाऊ कशाला दिलंत?"

"तुला थांबवायला पाय कुठून आणू? आलीस तर बरं म्हटलं. नाही आलीस तर मी आहे इथे. तेवढं जमत होतं."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर पडून राहिलो असतो दोघी. सकाळी कोणीतरी वास घेत आलं असतं." त्यांचा आवाज जरा कापला. त्याही घाबरलेल्या होत्या, इतका वेळ त्या अंधारात घाबरून पडल्या होत्या, आणि तरी दंड काढून घेतला नव्हता. तो निळा पडला होता. "आता रडत बसू नकोस. फरशी गार आहे. आधी तिला उचल, मग मला. आणि मी जड आहे, सांगून ठेवते."

मी पिशवी दाराशीच टाकली, पलंग ओढून बाजूला केला, गुडघे टेकले आणि सासूबाईंच्या काखेत हात घातले.